मुलांना टेबल टेनिसला घालताय? बडोद्यातल्या एका आईने चुका करत शिकलेलं सगळं

मुलगी आठ वर्षांची असताना सोसायटीतल्या एका बेननी सांगितलं की सुट्टीत नुसती मोबाइल घेऊन बसते त्यापेक्षा टीटीला घाला, म्हणून घातली. बस्स एवढंच, काही मोठं स्वप्न वगैरे नव्हतं. आज ती चौदाची आहे, स्टेटला खेळते, कधी दुसऱ्या राउंडला हरते तर कधी क्वार्टर फायनलपर्यंत जाते. मी स्वतः कॅरमच्या पलीकडे काही खेळलेली नाही, त्यामुळे जे कळलं ते ठेचा खाऊनच कळलं. हल्ली दर महिन्याला कोणा ना कोणाचा फोन येतो, बॅट कुठली घेऊ, फॉर्म कुठे भरायचा, स्टेटला कसं खेळवायचं, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकते.

आधीच सांगते, आम्ही सगळं उलटं केलं. पहिल्यांदा भारी बॅट घेतली, मग स्पर्धांच्या मागे लागलो, मग कागदपत्रांसाठी पळापळ, आणि टेबलवर तास वाढवायला हवेत हे सगळ्यात शेवटी सुचलं. तुम्ही शेवटून सुरू करा म्हणजे पैसे आणि दोन वर्षं वाचतील.

१. वय किती हवं

सहा ते आठ चांगलं. टेबलाची उंची ७६ सेंटीमीटर असते, पाच वर्षांच्या पोराचा खांदा जेमतेम वर येतो, मग ते हात उचलून उचलून मारतं आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. दहाव्या वर्षी सुरू केलं तरी काही बिघडत नाही, उलट मोठी मुलं सांगितलेलं पटकन उचलतात. "उशीर झाला का हो?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. दहा वर्षांच्या मुलाला कसला आलाय उशीर.

२. क्लब निवडताना फी शेवटी विचारा

फोनवर फी विचारून क्लब ठरवू नका. संध्याकाळी पाचला जा, एक तास गुपचूप बाकावर बसा आणि बघा. एका टेबलवर किती मुलं आहेत? चार असतील तर ठीक, आठ असतील तर तुमचं पोर तासातला बराच वेळ रांगेत उभं राहून गप्पा मारणार. सर किंवा सीनियर मुलं मल्टीबॉल देतायत का? मल्टीबॉल म्हणजे बादलीभर बॉल घेऊन एकामागून एक टाकत राहायचं आणि समोरच्याने न थांबता मारायचे. वीस मिनिटांच्या मल्टीबॉलमध्ये जेवढे शॉट होतात तेवढे दोन नवशिकी मुलं एकमेकांशी खेळून दोन तासांत होत नाहीत, कारण त्यांचा निम्मा वेळ बॉल शोधण्यात जातो.

जमीन बघा, लाकडी किंवा मॅटवाली असेल तर गुडघे वाचतात, नुसत्या कोट्याच्या लादीवर रोज दोन तास नको. आणि पंखे बंद दिसले तर क्लबवाल्याला कंजूस समजू नका. बॉलचं वजन अवघं २.७ ग्रॅम, पंखा लावला की तो कुठेही जातो. मे महिन्यात बडोद्यात बेचाळीस डिग्री असताना बंद हॉलमध्ये पोरं खेळतात, पहिल्या आठवड्यात माझा जीव कासावीस झाला होता. पाण्याची मोठी बाटली, दोन टी-शर्ट, एक टॉवेल, हे रोजचं.

अजून एक, सरांना विचारा की तुमच्याकडची किती मुलं तीन वर्षांहून जास्त टिकली आहेत. भिंतीवरच्या ट्रॉफ्यांपेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

३. पहिलं वर्ष कंटाळवाणं असतं, असू द्या

पहिले तीन-चार महिने फक्त शॅडो, म्हणजे बॉलशिवाय हात फिरवायचा, मग फोरहँड, मग बॅकहँड, मग दोन्ही बाजूंना पाय हलवत. घरी येऊन मुलं म्हणतात मॅच खेळूच देत नाहीत, आणि आपण लगेच सरांना विचारायला जातो. मी पण गेले होते. सर म्हणाले, "बेन, हात तर शिकेल ती, पाय नाही शिकली तर पुढे कोणी शिकवणार नाही." तेव्हा मला ते टाळल्यासारखं वाटलं होतं. आता स्टेटला बघते तर चांगल्या हाताची पण दगडासारखी एका जागी उभी राहणारी मुलं पहिल्या-दुसऱ्या राउंडला घरी जातात.

घरी काय करायचं तर बॅटवर बॉल उडवत शंभर मोजायचे, मग एकदा ही बाजू एकदा ती बाजू, मग चालत चालत. आमच्याकडे हे गॅलरीत चालायचं, टक टक टक टक, शेवटी खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि म्हणाले, "वहिनी, नऊनंतर तरी थांबवा हो, आमच्या हिचं डोकं दुखतं." तेव्हापासून सतरंजीवर. दोरीच्या उड्या रोज, आणि आरशासमोर दहा मिनिटं शॅडो. घरात टेबल घ्यायच्या फंदात पडू नका. टेबल २.७४ मीटर लांब, त्यात दोन्ही बाजूंना मागे सरकायला जागा हवी, फ्लॅटमध्ये ते शेवटी कपड्यांच्या घड्या ठेवायला वापरलं जातं.

४. बॅट

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर.

आम्ही सहाव्या महिन्यात ऑनलाइन रिव्ह्यू वाचून कार्बनवालं ब्लेड (रबराखालची फळी) आणि फास्ट रबर घेतलं, सात हजारांच्या वर गेले. बॉल लागला की सुटायचाच, टेबलाच्या बाहेर. पोरगी घाबरून हात आखडता घ्यायला लागली, तीन महिन्यांत तिचा पूर्ण फोरहँड जाऊन नुसतं ढकलणं उरलं. सरांनी ती बॅट काढून घेतली आणि क्लबमधली जुनी, कडेला टेप लावलेली बॅट हातात दिली, तेव्हा कुठे हात परत मोकळा झाला. भारी बॅट दोन वर्षं कपाटात होती.

तर पहिले सहा महिने रेडिमेड बॅट चालते, स्टॅग वगैरेची. नंतर पूर्ण लाकडी पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं, ऑलराउंड ब्लेड आणि दोन्ही बाजूंना साधं गुळगुळीत, पकड असलेलं रबर, स्पंज फार जाड नको. कार्बन, जाड स्पंज हे सगळं सर सांगतील तेव्हाच. दुकानदाराचा सल्ला इथे उपयोगाचा नाही, त्याला काय विकायचंय ते त्याला माहीत.

रबरावर आयटीटीएफचा, म्हणजे टीटीच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनचा, शिक्का असायलाच हवा, नाहीतर स्पर्धेत बॅट बाहेर. एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची, आधी फक्त लाल चालायची, २०२१ पासून गुलाबी, जांभळी, हिरवी, निळी पण चालते, त्यामुळे मुली आता निळी-गुलाबी मागतात, मागू द्या. ग्लू पाण्याचाच वापरा, जुना वासवाला सोल्युशन ग्लू २००८ पासून बंद आहे. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाच्या रबराची पकड चार-सहा महिन्यांत जाते, हा खर्च धरून चाला. आणि पावसाळ्यात बॅट कव्हरमध्येच ठेवा, ओलसर रबरावर बॉल साबणासारखा सटकतो.

एक सापळा आहे पिंपल्सचा, म्हणजे बाहेरून दाणे असलेल्या रबराचा. काही ठिकाणी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना एका बाजूला लाँग पिंपल्स लावून देतात, कारण समोरच्या पोराला स्पिन, म्हणजे बॉलची फिरकी, कळत नाही आणि ते आपोआप चुकतं. ट्रॉफ्या पटापट येतात, आईबाप खूश. पण अंडर १५ ला गेल्यावर समोरची मुलं ते वाचायला शिकतात आणि आपल्याकडे दुसरा खेळच नसतो. पिंपल्स वाईट नाहीत, मोठे मोठे खेळाडू खेळतात, पण आधी दोन्ही बाजूंनी स्वतःचा टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देत मारलेला शॉट, यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यावर माझं दोन बेनशी भांडणही झालंय.

५. कागदपत्रं, हे पहिल्याच वर्षी करून ठेवा

कंटाळवाणं आहे पण ऐन वेळी रडवतं. लागतं ते असं:

- जन्मदाखला, त्यावर मुलाचं नाव असलेला
- आधार
- शाळेचं बोनाफाइड, त्यावर जन्मतारीख
- पासपोर्ट साइज फोटो, दहा-बारा असू द्या
- बँक खात्याचा तपशील, कारण बक्षिसाची रक्कम किंवा सरकारी मदत खात्यात येते

आता गंमत बघा. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर दाखला लगेच काढतात पण नाव बारशानंतर ठरतं, त्यामुळे कित्येकांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच असते. आमचा तसाच होता आणि आठ वर्षं कोणाच्या लक्षात नाही. ते नाव नंतर घालता येतं, पण त्याला हेलपाटे पडतात.

दुसरी अडचण खास आपली गुजरातमधल्या मराठी लोकांची. इथे शाळेत आडनाव आधी लिहितात, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव कुठे राव लावून, कुठे भाई लावून. आमच्याकडे तीन कागदांवर एकाच मुलीची तीन नावं होती, आणि माझ्या यजमानांना दाखल्यात कोणीतरी "भाई" करून टाकलं होतं, ज्यावर सासूबाई अजून हसतात. खेळाची नोंदणी ज्या नावाने पहिल्यांदा होते तेच नाव पुढे सर्टिफिकेटवर येतं, आणि ते सर्टिफिकेट कधी कॉलेजला किंवा नोकरीला दाखवायचं झालं तर नाव जुळायला हवं. म्हणून आधी तिन्ही कागद सारखे करा आणि मगच नोंदणी करा.

नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते, जिल्ह्याच्या टीटी असोसिएशनमार्फत स्टेटची, आणि नॅशनल खेळायचं असेल तर टेबल टेनिस फेडरेशनची पण. क्लबमध्ये विचारलं की सांगतात, पण आपणहून कोणी आठवण करत नाही. एंट्रीची शेवटची तारीख गेली की गेली, कितीही सर सर केलं तरी काही होत नाही. मी फोनमध्ये अलार्म लावते.

६. स्पर्धांची शिडी कशी आहे

क्लबमधली स्पर्धा, मग जिल्हा, मग स्टेट रँकिंग, मग नॅशनल रँकिंग आणि नॅशनल. वयाचे गट अंडर ११, १३, १५, १७, १९ आणि मग सीनियर. गट जन्माच्या वर्षावरून ठरतो, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं मूल फायद्यात आणि डिसेंबरवालं तोट्यात. आमची नोव्हेंबरची. आपल्या वरच्या गटातही खेळता येतं, आणि मी म्हणेन जरूर खेळवा, तिथे हरायचं टेन्शन नसतं आणि मॅचचा सराव मिळतो.

याच्या बाजूला दोन वेगळे रस्ते आहेत. एक शाळेचा, स्कूल गेम्स, त्यात गट अंडर १४, १७, १९ असे असतात, आणि नाव शाळेमार्फतच जातं, त्यामुळे पीटीच्या सरांशी जूनमध्येच बोलून ठेवा. दुसरा खेल महाकुंभ, २०१० पासून चालू आहे, गुजरात सरकारचा, एंट्रीला पैसे लागत नाहीत. पहिल्या स्पर्धेसाठी याहून चांगलं काही नाही. तिथे क्लबवाली मुलं असतात तशी सोसायटीच्या टेबलवर शिकलेलीही असतात, तुमच्या पोराला एखादी मॅच जिंकायची संधी असते. खेल महाकुंभात चांगलं खेळलेल्या मुलांना पुढे जिल्ह्याच्या क्रीडा शाळेत, डीएलएसएसमध्ये, घ्यायची निवड होते, ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी ही चौकशी नक्की करा.

स्टेट रँकिंग स्पर्धा वर्षभरात वेगवेगळ्या शहरात असतात. सुरत, अहमदाबाद जवळ आहेत, पण राजकोट, भावनगर, गांधीधाम म्हणजे रात्रीचा प्रवास, हॉटेल, दोन-तीन दिवस सुट्टी. पहिल्या वर्षी सगळ्या खेळायची अजिबात गरज नाही. जवळच्या दोन करा. आम्ही दुसऱ्या वर्षी पाचही ठिकाणी धावलो, चार ठिकाणी ग्रुपमध्येच बाहेर, आणि त्या दगदगीत दीड महिन्याची प्रॅक्टिस बुडाली. त्याच पैशात वर्षभराचं जास्तीचं मल्टीबॉल झालं असतं.

सुरत हे आपल्या इथलं टीटीचं मोठं केंद्र आहे, हरमीत देसाई आणि मानव ठक्कर दोघंही तिथले, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताच्या टीममध्ये दोघंही होते. पण आपलं बडोदंही काही कमी नाही, मानुष शाह इथलाच, डावखुरा, आणि २०२५ मध्ये ट्युनिसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुंबईच्या दिया चितळेबरोबर मिक्स्ड डबल्स जिंकला. मराठी मुलगी आणि बडोद्याचा मुलगा, आमच्या घरात त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं. आणि ज्यांना वाटतं की हा फक्त धडधाकट पोरांचा खेळ आहे त्यांनी मेहसाणा जिल्ह्यातल्या भाविना पटेलचं नाव लक्षात ठेवा, व्हीलचेअरवरून टोकियो पॅरालिंपिकचं रौप्य.

७. नियम, जे पोराला आधीच माहीत हवेत

सर्व्हिस. क्लबमध्ये सगळं चालतं, स्पर्धेत अंपायर बसला की नाही. बॉल उघड्या तळहातावर, टेबलाच्या कडेमागे, टेबलाच्या उंचीपेक्षा वर, आणि निदान १६ सेंटीमीटर सरळ वर उडवायचा, शरीराने किंवा हाताने झाकायचा नाही. लहान मुलं बोटांतूनच बॉल सोडतात, फॉल्ट बसला की गडबडतात आणि अख्खा गेम जातो. घरी मोबाइलवर शूट करून दाखवा.

कपडे. आमच्या पहिल्या जिल्हा स्पर्धेला मी हौसेने शाळेचा पांढरा शुभ्र पीटीचा टी-शर्ट इस्त्री करून घातला. रेफरी भाई हसून म्हणाले, "बेन, बॉल सफेद ने टी-शर्ट पण सफेद, नहीं चाले." दुसऱ्या क्लबच्या एका मोठ्या मुलीने स्वतःचा निळा दिला, तो हिच्या गुडघ्यापर्यंत, तशीच खेळली आणि मॅच जिंकली पण. तेव्हापासून बॅगेत कायम दोन गडद टी-शर्ट.

गेम ११ पॉइंटचा, दोन-दोन सर्व्हिस, १०-१० झालं की एक-एक. पूर्ण मॅचमध्ये एक मिनिटाचा एकच टाइमआउट मिळतो, तो घ्यायचा असतो हेच मुलांना माहीत नसतं.

८. स्पर्धेच्या दिवशी

बहुतेक ठिकाणी आधी तीन-चार जणांचा ग्रुप, सगळे एकमेकांशी खेळतात, मग नॉकआउट. इथला हिशोब समजून घ्या, आम्हाला तो फार महागात पडला.

तिघींचा ग्रुप होता, एकच वर जाणार. आमची पहिलीशी ३-२ ने जिंकली, दुसरीशी १-३ ने हरली. मग पहिली दुसरीशी ३-० ने जिंकली. तिघींचा एक-एक विजय. अशा वेळी तिघींमधले जिंकलेले आणि हरलेले गेम मोजतात. आमचे चार जिंकलेले, पाच हरलेले. पहिलीचे पाच जिंकलेले, तीन हरलेले. म्हणजे जिला आमचीने हरवलं तीच वर गेली! पोरगी तासभर पायऱ्यांवर रडत होती, मला तर आधी वाटलं की काहीतरी घोळ झालाय, मी तावातावाने टेबलापाशी गेले आणि तिथल्या काकांनी शांतपणे कागदावर मांडून दाखवलं. तिने पहिल्या मॅचला २-० अशी आघाडी असताना "आता काय जिंकलेच" म्हणून दोन गेम असेच सोडले होते, ते असे वसूल झाले.

आणि ग्रुपमधली शेवटची मॅच सोडून घरी जाऊ नका. खेळून हरलं तर एक पॉइंट मिळतो, न खेळता गेलं तर शून्य.

रिपोर्टिंग टाइमच्या अर्धा तास आधी पोचा, बोर्डावर टेबल नंबर आणि वेळ बघा, आणि माइककडे कान ठेवा. नाव पुकारल्यावर पोर कँटीनमध्ये असेल तर वॉकओव्हर. खायला केळी, थेपले, सुकामेवा, लिंबूपाणी. मॅचआधी सेव उसळ नको म्हणजे नको, कितीही चांगली मिळत असली तरी. स्पर्धा संपल्यावर खुशाल.

९. गॅलरीत बसणाऱ्यांसाठी

२०१६ पासून दोन पॉइंटच्या मधे कोचने बोललं तर चालतं, रॅली चालू असताना नाही. पण कोच म्हणजे कोच, आपण नाही. एक भाई येतात, प्रत्येक पॉइंटला वरून ओरडतात, "बॅकहँड! बॅकहँड पे डाल!" त्यांचा मुलगा प्रत्येक पॉइंटनंतर बॉलकडे न बघता वर बघतो. मी पण पहिलं वर्ष हेच करत होते, फक्त हळू आवाजात. मग एकदा घरी येताना ती म्हणाली, "आई, तू दात चावतेस ते मला दिसतं." आता मी लांब बसते आणि स्वेटर विणते. खरंच विणते, दोन झाले.

हरल्यावर गाडीत मॅचविषयी एक अक्षर बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. आधी जेवण. दुसऱ्या दिवशी तिनेच वहीत लिहायचं, कोणाशी हरले, कुठल्या सर्व्हिसवर फसले, आणि ती वही सरांना दाखवायची. मला नाही.

१०. अभ्यास आणि पुढे

नववी-दहावीला अर्धे लोक सोडतात. आम्ही ठरवलंय की नॅशनल रँकिंगच्या बाहेरगावच्या स्पर्धा बोर्डाच्या वर्षी नाही, पण रोजचे दीड तास बंद करायचे नाहीत. सहा महिने पूर्ण बंद केलेली मुलं परत येतात तेव्हा टायमिंग गेलेलं असतं आणि लहान मुलांकडून हरायला लागली की मन उडतं, दोन मुलींचं डोळ्यासमोर बघितलंय. शाळेत गैरहजेरीचं पत्र मात्र आधी द्या, स्पर्धेचं पत्रक जोडून, परत आल्यावर दिलेलं पत्र कोणी वाचत नाही.

अजून काही विचारायचं असेल तर विचारा, फक्त संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ फोन उचलत नाही, तेव्हा हॉलमध्ये खाली पडलेले बॉल गोळा करत असते.